धंदा : घरकाम

९ जून, सोमवार

माहेरच्या विद्यापीठानं अखेर सोडलं मला. टीसी मिळाली, मायग्रेशन मिळालं, ना-हरकतही मिळाली. खिडकीतल्या काकांनी शिक्का मारता मारता विचारलं, "दोन वर्षं इथं काढले, आता शेवटच्या वर्षाले काहून सोडून राहिल्या बाई?" म्हटलं, नवऱ्याकडे चालले. ते हसले. खोटं काही नव्हतं त्यात.

बसमध्ये नागपूरपर्यंत फाइल मांडीवरच. शेजारच्या बाईनं दोनदा सांगितलं, वर ठेवा, जागा आहे. नाही ठेवली.

बी.ए.ची दोन वर्षं तिकडे केली ती दादाच्या घरामुळे. भूगोलाची प्रॅक्टिकल वर्षातून दोनदा, आठ-दहा दिवसांत उरकायची. दादाकडे राहायचं, करायचं, परत यायचं. तिसऱ्या वर्षाला दर आठवड्याला आहेत. दर आठवड्याला इथून कोण जाणार? म्हणून आता सासरचं विद्यापीठ. पुन्हा एकदा सून होऊन दारात उभं राहायचं, आणि या खेपेला हुंडा म्हणजे कागद.

१२ जून, गुरुवार

धरमपेठेतलं कॉलेज. तिसऱ्या वर्षाला, भूगोलाला एक जागा आहे. एकच.

कागदांची यादी दिली. सगळं आहे, एक सोडून. बारावी आणि बी.ए. प्रथम यांत सात वर्षं रिकामी दिसतात, त्याचं प्रतिज्ञापत्र. गॅप सर्टिफिकेट. तिकडे कुणी मागितलं नव्हतं, इथे लागतं. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "सोपं आहे ताई, कोर्टाजवळ तयार मिळतं."

शेवटची तारीख २ जुलै. नाही जमलं तर वर्ष गेलं. पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलणार, तेव्हा जुनी दोन वर्षं धरतील का, हे कुणालाच सांगता येईना. म्हणजे आत्ता, नाहीतर सगळं पहिल्यापासून. पहिल्यापासून करायला माझ्यात जीव नाही, हे इथे लिहून ठेवते. बाहेर कुणाला सांगणार नाही.

दिनेश आमच्या गोलूला घेऊन खाली झाडाखाली बसले होते. विचारलं, "काय म्हणते तुही सासू?" कॉलेजला सासू म्हणायला मीच शिकवलं त्यांना. म्हटलं, नाक मुरडते आहे, पण हाकलून नाही दिलं.

१४ जून, शनिवार

शाळा उघडायच्या आत आमच्या शाळेच्या व्हॅनचं सगळं करून घेतलं. ब्रेक, सीटकव्हर, पिवळी पट्टी. आरटीओचं पासिंग अजून दोन वर्षांचं आहे. मग ही गाडी शाळेला चालणार नाही. दोन वर्षांत बी.ए. आणि त्यापुढे बी.एड.चं एक वर्ष तरी व्हायला हवं. शाळेच्या फाटकापर्यंत सात वर्षं मुलं सोडली, आता एकदा फाटकाच्या आत जायचं आहे.

नासिरभाईंची व्हॅनही त्याच शाळेची. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी प्रॅक्टिकल असेल, तर शाळा सुटल्यावर माझी मुलं कोण आणणार, म्हणून त्यांच्याशी बोलले. "भाभी, आप पढ़ो. दो दिन की दोपहर मेरी." दोन फेऱ्या कराव्या लागतील त्यांना. एवढ्या उन्हात दोन फेऱ्या. मी पट्टी पुसत राहिले.

दर आठवड्याला तिकडे का जाता येणार नाही, हे कुणी विचारलं तर मी 'मुलं लहान आहेत' सांगते. खरं कारण जानेवारी. मी दादाकडे प्रॅक्टिकलला होते. दुपारी दिनेशना फिट आली, स्वयंपाकघरात. घरात गोलू आणि तनू. तनू आठ वर्षांची. तिनं आधी गॅस बंद केला, मग बाबांच्या डोक्याखाली उशी सरकवली, मग शेजारी सांगायला गेली. हा क्रम तिला कुणी शिकवला नव्हता, बघून बघून आला. मी आल्यावर ती म्हणाली, "मी रडली नाही आई." त्या दिवसानंतर मी घराबाहेर एक रात्र राहिलेली नाही.

१६ जून, सोमवार

कोर्टाजवळ टायपिंगवाला. खरंच तयार मिळतं. नाव, वय, वर्षं एवढंच भरायचं. 'मी सौ. प्रणिता दिनेश, वय २८ वर्षे, धंदा घरकाम, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर कालावधीत मी घरीच होते. मी कोठेही नोकरी, व्यवसाय अथवा कोणतेही काम केलेले नाही.'

म्हटलं, भाऊ, काम केलं आहे मी. गाडी चालवते. तो म्हणाला, "मॅडम, तसं लिहिलं तर दाखला मागतील. कोनाकडे होते, किती दिवस होते. घरीच होते लिहा, विषय संपला. सगळ्या बायका हेच लिहितात."

सगळ्या बायका हेच लिहितात. सही केली. नोटरीनं वर न बघताच विचारलं, वाचलं का? म्हटलं, वाचलं.

१७ जून, मंगळवार

सकाळपासून चिडचिड. गोलूला उगाच धपाटा घातला. नंतर वाईट वाटलं, पण घातला तर घातला.

सात वर्षांतली पहिली दोन माफ. लग्न, आणि तनू. पण पुढची पाच? तनू सव्वा वर्षाची असताना दिनेशना पहिली फिट आली. नशीब, गाडी उभी होती, मुलं उतरली होती. डॉक्टर म्हणाले, आता स्टिअरिंग नाही. महिनाभर गाडी दारात उभी. मग मी शिकले, लायसन्स काढलं, प्रवासी गाडीचा बॅज काढला. प्रतापनगरचा एकेक पालक आपलं मूल माझ्या हाती देताना कसा बघायचा ते आठवतं. गोलूच्या वेळी आठवा महिना लागेपर्यंत चालवली, पोट स्टिअरिंगला टेकायचं. हे सगळं 'कोणतेही काम केलेले नाही'. आणि ते मीच लिहून दिलं, शपथेवर.

दिनेश म्हणाले, "कागदच आहे तो. कायले मनाले लावून घेते?" बरोबर आहे. लावून घ्यायचं नाही.

२३ जून, सोमवार

शाळा उघडली. चौदा मुलं. तीन नवीन, त्यातली दोन रडकी. दिनेश नेहमीसारखे बाजूच्या सीटवर. दार उघडणं, मुलं मोजणं, डबे-बाटल्या बघणं त्यांच्याकडे. ते मुलांना मोजताना नावाऐवजी फळं म्हणतात. "पेरू चढला, सीताफळ चढलं." नवीन दोघं तेवढ्यात गप्प झाली.

पालकांना सांगून ठेवलंय, यांची कंबर धरते म्हणून चालवत नाहीत. रामटेकला यांच्या आईलाही तेच. सात वर्षं ही कंबर धरलेली आहे. फिट येतात म्हटलं की लोक मूल पाठवायचे नाहीत, आणि आई म्हणतील, आमच्या घरात असं कुणालाच नव्हतं. म्हणून कंबर.

२५ जून, बुधवार

आज फाइल दिली. बाईमाणसाचं नशीब बघ.

खिडकीवरच्या मुलानं कागद तपासून आत पाठवलं, प्रवेश विभागाच्या मॅडमकडे. आत गेले तर राऊत मॅडम. रिद्धीची आई! रोज सकाळी पावणेसातला प्रतापनगरच्या वळणावर रिद्धीला माझ्या गाडीत पाठवतात त्या. कॉलेजात आहेत एवढं माहीत होतं, कोणत्या ते कधी विचारलं नव्हतं. त्याही चमकल्या. "अगंबाई, काकू! तुम्ही बी.ए. करताय?" मला काकू म्हणतात, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. मुलं म्हणतात म्हणून आयाही म्हणतात.

खूप कौतुक केलं. चहा मागवला. मग फाइल उघडून एकेक कागद बघत गेल्या. मी चहा पीत होते आणि मला माहीत होतं आता कोणता कागद येणार.

आला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "हे मी कसं घेऊ? माझी मुलगी पहिलीपासून तुमच्या गाडीत येते. आता चौथीत आहे. आणि इथे लिहिलंय कोणतंही काम केलं नाही. याच्याखाली माझी सही जाणार."

म्हटलं, मॅडम, तयार फॉर्मच तसा आहे.

"असेल. दुसऱ्या कुणाचा असता तर मी वाचलाही नसता. पण मला माहीत आहे ना."

विचारलं, काम केलं असं लिहिलं तर चालतं का? म्हणाल्या, "चालेल की नाही ते समिती ठरवेल. खरं लिहा. शिक्षण का सुटलं, काम का करावं लागलं, तेही लिहा. दोन तारखेच्या आत आणा, चार तारखेला, शुक्रवारी, समिती बसते."

फाइल परत दिली. रागानं नाही, तेच तर. रागावल्या असत्या तर मलाही रागावता आलं असतं.

का करावं लागलं, हे लिहायचं म्हणजे फिट लिहायची. ती वाचणार रिद्धीची आई.

२६ जून, गुरुवार

दिनेशना सांगितलं. आधी हसले. "कंबर लिही न मंग. तेच सांगतो आपण सगळ्याइले."

आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एक खोटं काढून दुसरं खोटं घालायचं का शपथेवर? सात वर्षं तुमची कंबर मी सांभाळली, आता मला ती झेपत नाही. फार लागेल असं बोलले. बोलताना कळत होतं की लागतंय, तरी थांबले नाही.

ते म्हणाले, "माह्या नावावर मिरगी लिहिल्याशिवाय तुले शिकता येत नाही का वं?"

उत्तर 'हो' होतं. मी गॅसकडे वळले. भाजी करपली तेवढ्यात, ते बरं झालं, दोघांनाही करायला काम मिळालं.

२७ जून, शुक्रवार

घरात बोलणं फक्त मुलांमार्फत. "तनू, बाबांना विचार पोळी हवी का." "तनू, आईले सांग गोळी घेतली." तनू मध्ये बसून दोन्हीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी व्हॅन आहे का?" कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

गाडीतही आज फळं नव्हती. नुसतं एक, दोन, तीन.

विचार करून पाहिला, सोडून द्यावं का. कॉलेज सोडलं तर काय होतं? काही होत नाही. गाडी आहे, मुलं आहेत, पासिंग संपेपर्यंत दोन वर्षं आहेत. कुणी मला नावं ठेवणार नाही. उलट म्हणतील, संसार बघून घेतला. हेच मला सहन होत नाही, की सोडलं तर सगळ्यांना बरंच वाटेल.

२९ जून, रविवार

सकाळी उठले तर दिनेश आंघोळ करून तयार. इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "रामटेकले जाऊन येतो." म्हटलं, एकटे? "एकटाच. गोळी घेतली. खिशात चिठ्ठी आहे नाव-नंबरची."

ती चिठ्ठी मी सात वर्षं त्यांच्या खिशात ठेवायचा प्रयत्न करते आहे. दर वेळी काढून ठेवायचे. आज स्वतः लिहिली.

जाऊ देऊ नये असं वाटलं, बसमध्ये काही झालं तर. पण अडवलं नाही. दिवसभर फोन हातात. दोनदा केला, दोन्ही वेळा "हाव, ठीक आहे" एवढंच.

संध्याकाळी आले. हातात आईंनी दिलेली तांदळाची पिशवी. खाली ठेवली. म्हणाले, "सांगितलं बुडीले."

काय म्हणाल्या?

"पयले हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हणे, एवढे वर्ष तुही बायको आमच्या इथं आली का मी तिले टोमणे मारो, का नवऱ्याले बसवून स्वतः गाडी फिरवते. तिनं एकडाव बी तोंड नाही उघडलं? मी म्हटलं, नाही उघडलं. मंग रडली."

मीही रडले. मला ते टोमणे सगळे पाठ आहेत. कुणी तरी मोजले, एवढं पुरे होतं.

आधी आईला का सांगायला गेलात, विचारलं. म्हणाले, "कागदावरून कळण्यापेक्षा माह्या तोंडून कळलेलं बरं."

३० जून, सोमवार

शाळेची फेरी झाल्यावर दोघंही कोर्टाजवळ. तोच टायपिंगवाला. या वेळी त्याचा तयार फॉर्म नको म्हटलं. मी सांगत गेले, तो टाइप करत गेला. धंदा, व्हॅनचालक. दोन वर्षं घरी, पाच वर्षं शालेय वाहतूक, लायसन्सचा नंबर, बॅजचा नंबर. 'कारण' आलं तशी मी थांबले.

दिनेश म्हणाले, "ते हिच्या कागदावर नको. मी माहा येगळा देतो."

स्वतःच सांगायला बसले. टायपिंगवाल्यानं त्यांचं बोलणं पुस्तकी करून टाइप केलं, तर म्हणाले पुसा. "म्या सांगितलं तसंच लिहा." तो म्हणाला, भाऊ, प्रतिज्ञापत्रात 'मले' चालत नाही, 'मला' लागतं. "शपथ माही आहे न गा? मंग बोली बी माहीच राहू दे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा.

उतरवून ठेवते, म्हणजे माझ्याजवळ राहील :

'मी दिनेश, वय ३४ वर्षे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मले सात वर्षांपासून फिट येतात. म्हणून माही गाडी माही बायको चालवते. ती घरी नव्हती.'

बस, एवढंच. धंद्याची जागा त्यांनी रिकामी ठेवायला सांगितली. मी म्हटलं, मुलं मोजता, दार सांभाळता, लिहा ना काही. म्हणाले, "राहू दे, आज तुहा दिवस आहे."

नोटरीनं वाचलं. या वेळी वर बघितलं.

१ जुलै, मंगळवार

दोन्ही कागद दिले. राऊत मॅडमनी माझा वाचला, मान हलवली. मग दिनेशचा. 'मले'पाशी त्यांचं पेन थांबलं, सवयीनं दुरुस्त करायला गेलं असावं. पेन खाली ठेवलं. पुढचं वाचलं. मग तो माझ्या कागदामागे टाचला.

मला वाटलं आता विचारतील, हेच ना रोज गाडीत बसतात? नाही विचारलं. "शुक्रवारी समिती. यादी सोमवारी दुपारी लागेल," म्हणाल्या. आवाज कोरडा होता का? की मलाच वाटला? बाहेर आल्यावर पाय हलके वाटायला हवे होते. नाही वाटले. इतकी वर्षं जे झाकलं, ते एका खिडकीतून आत सरकवून आले आणि आता ते माझ्या हातात नाही.

३ जुलै, गुरुवार

काल आणि आज रिद्धी आली नाही. ताप आहे, असा मेसेज. दोन्ही दिवस वळणावर गाडी उभी करून थांबले, मेसेज आलेला असूनही.

ताप असेलही. पावसाळ्याचे दिवस. पण चौदा मुलांच्या घरी मेसेजला किती वेळ लागतो, हेच डोक्यात. नासिरभाईंना सांगितलं. म्हणाले, "भाभी, बच्चे को बुखार भी आता है." हसले. मी पण हसले, आणि तरी रात्री तो मेसेज पुन्हा उघडून वाचला.

वळणावर का थांबले, हे दिनेशना सांगावं लागलं नाही. तेच म्हणाले, "मी उद्यापासून घरी राहू का? दार तू उघडत जा." म्हटलं, एक मूल कमी झालं तरी चालेल, माणूस कमी झालेलं चालणार नाही. एवढं चांगलं बोलता येतं मला कधी कधी, आणि नंतर तासभर भीती वाटत राहते की चौदाची सात झाली तर?

५ जुलै, शनिवार

काल समिती बसली असेल. कुणी काही कळवलं नाही. विचारायला फोन उचलला आणि ठेवला. कुणाला करणार? नंबर आहे तो रिद्धीच्या आईचा.

भूगोलाची जुनी जर्नलं काढून बसले. समोच्च रेषांचा नकाशा, मीच काढलेला, दादाच्या घरी, जानेवारीतला. चांगला आलाय. घेतलं नाही मला, तर या वह्यांचं काय करायचं, तनूला सहावीत उपयोगी पडतील का, असले विचार. गोलूनं एका टेकडीला डोळे आणि मिशा काढल्या. या वेळी धपाटा घातला नाही.

७ जुलै, सोमवार

दुपारचे बारा. शाळा सुटायला अर्धा तास आहे, गाडीतच लिहिते आहे. दिनेश खाली उतरून नासिरभाईंशी बोलत उभे आहेत.

सकाळी वळणावर राऊत मॅडम स्वतः उभ्या होत्या, रिद्धीला घेऊन. एरवी गेटमधूनच हात करतात, आज रस्त्यापर्यंत आलेल्या. दिनेश दार उघडायला उतरले. "सीताफळ बरं झालं का?" त्यांनी विचारलं. रिद्धीनं मान हलवली. मॅडमचा हात तिच्या खांद्यावर होता, तो काही निघेना. त्या दिनेशकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग पुन्हा दिनेशकडे. मागची मुलं ओरडायला लागली, काकू चला, उशीर होतो.

माझ्या मनात दुपारी लागणारी प्रवेशाची यादी होती. एका शब्दानं यांचं मन बदलू शकतं, गोड बोल, हस, काही तरी म्हण. हे सगळं माझ्या मनात आलं, लपवत नाही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. इंजिन चालू ठेवून, काच खाली करून म्हटलं,

"मॅडम, गाडी मी चालवते. सात वर्षं झाली."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला."

मग हात काढला. रिद्धी चढली. दार दिनेश लावणार होते, पण ते मॅडमनीच लावलं. यादीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. दिनेशनी मुलं मोजली. चौदा भरली.